विषय: सायकलचा पुढचा रिम ब्रेक उघडत नाही, तरी तक्रार ‘निकाली’

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या हलक्या ड्युअल पिव्हट (दोन खिळींवर फिरणाऱ्या) ब्रेकच्या जोडीतल्या पुढच्या कॅलिपरची, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चिमट्याची, डावी बाजू लिव्हर सोडल्यावर परत येत नाही. पॅड रिमला घासत राहतो. सेंटरिंग स्क्रूने मधोमध आणला, की दोन-चारदा दाबल्यावर पुन्हा तिथेच. केबल तपासा, असं तुमची माणसं दरवेळी सांगतात. केबल पूर्ण काढली, कॅलिपर हाताने दाबून सोडला, तरी ती बाजू अडकते. केबलच नसताना दोष केबलचा कसा, हे तुमच्या इंजिनिअरला विचारा. मागचा ब्रेक त्याच खोक्यातला, त्याच सायकलवर, त्याच धुळीत आहे आणि व्यवस्थित चालतो.

आता आजचा फोन. मॅडमनी विचारलं, कुठून बोलताय? म्हटलं, परतवाड्याजवळून. ते कोणत्या स्टेटमध्ये? महाराष्ट्र. मग थोडा वेळ हेल्पलाइनचं संगीत. परत आल्या नि म्हणाल्या, “सर, गावाकडे रस्ते कच्चे असतात, हे ब्रेक रोड बाइकसाठी आहेत.” म्हटलं, चिखलदऱ्याचा घाट डांबरी आहे, एसटी जाते. त्यावर त्या म्हणाल्या, “मग सर, उतारावर ब्रेक कमी वापरून बघा.” मी म्हटलं, मॅडम, चिखलदरा अकराशे मीटरवर आहे, तिथून खाली येताना ब्रेक नाही वापरायचा तर काय वापरायचं? “स्लो या ना सर.” स्लो यायलाच तर ब्रेक लागतो, बाप्पा! हे मी जरा मोठ्याने बोललो असेन. तेवढ्यात त्यांनी “आणखी काही मदत करू शकते का?” विचारलं. आणखी? आधीची कोणती केली?

फोन ठेवतो न ठेवतो तोच मेसेज आला: तुमची तक्रार निकाली निघाली आहे, आम्हाला पाच तारे द्या.

तुमचा दुसरा तोडगा म्हणजे अधिकृत मेकॅनिकचं पत्र आणा. तुमच्याच यादीत विदर्भातलं एकही दुकान नाही. आमच्या चौकातल्या सायकलवाल्याने मात्र एका मिनिटात सांगितलं, “पिव्हटच जाम आहे भाऊ, हे काऊन असं बनवलं?” त्याचं पत्र चालत असेल तर आजच पाठवतो.

जोडी दोनशे ग्रॅमच्या आत, हे तुम्ही खोक्यावर केवढ्या मोठ्या अक्षरात छापलंय. माझे जुने ब्रेक साडेतीनशेच्या आसपास होते, पण उघडायचे. वजन स्प्रिंगमधून काढलं की पिव्हटच्या बुशमधून, ते तुम्हालाच ठाऊक. मागचा ब्रेक नीट चालतो, हे पुन्हा लिहितो, कारण धुळीचं कारण तुम्ही पुन्हा सांगणार आहात. वाईट याचंच वाटतं, की शहरातल्या मित्रांना मीच तुमचं नाव सुचवलं होतं.

पुढचा कॅलिपर बदलून द्या, नाहीतर जोडीचे पूर्ण पैसे परत करा. कुरिअरचा खर्च तुमचा. पंधरा दिवसांत झालं नाही तर अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते, त्यामुळे तारखेला तुमच्या माणसाला इकडे यावं लागेल. परतवाडा कोणत्या स्टेटमध्ये आहे, ते त्याला आधीच सांगून ठेवा.

बिलाची प्रत आणि केबल काढून घेतलेला व्हिडिओ सोबत जोडला आहे.

एक ग्राहक
ता. अचलपूर, जि. अमरावती