कुत्र्याला लिफ्टपाशीच शिकू द्या : सोसायटी अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती

विषय : पाळीव कुत्र्यांना लिफ्ट व लॉबीची सवय लावण्यासाठी दुपारची वेळ राखून ठेवण्याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या सभेत कुत्र्यांच्या भुंकण्यावरून बराच वाद झाला आणि त्यानंतर फलकावर सूचना लागली : सामायिक जागेत कुत्रा भुंकल्यास दंड, आणि पुढील निर्णय होईपर्यंत लिफ्टमध्ये कुत्र्यांना बंदी. माझ्या घरी कुत्रा आहे, तरीही तक्रार करणाऱ्यांचे म्हणणे मला पटते. दार उघडताच समोरून कुत्रा अंगावर झेपावला तर कोणाच्याही छातीत धस्स होईल, मग वयस्कर माणसे आणि लहान मुले घाबरली तर नवल काय. ती भीती घालवणे हे आम्हा कुत्रा पाळणाऱ्यांचेच काम आहे. पण बंदी घालून ते होणार नाही. कुत्रा जिथे बिथरतो, तिथेच त्याला शिकवावे लागते.

घरात ‘बस’ म्हटल्याबरोबर बसणारा कुत्रा लॉबीत तोच शब्द ऐकून न ऐकल्यासारखे करतो. लोकांना हा हट्टीपणा वाटतो, पण तसे नसते. त्याच्या शिकण्यात जागा, तिथला वास, पायाखालची फरशी, शिकवणारा कुठे उभा आहे, हे सगळे मिसळलेले असते. त्यामुळे हॉलमध्ये आलेला धडा लिफ्टसमोर पुन्हा गिरवून घ्यावा लागतो. त्यात लिफ्ट ही त्याच्या दृष्टीने फार अवघड जागा. अरुंद, मागे सरायला वाव नाही, आणि दार उघडले की अनोळखी माणूस हातभर अंतरावर. अशा वेळच्या बहुतेक भुंकण्याचा अर्थ ‘लांब राहा’ एवढाच असतो. तो भुंकतो, समोरचा माणूस दचकून मागे होतो, दार बंद होते. म्हणजे कुत्र्याच्या लेखी भुंकण्याचा उपयोग झाला! पुढच्या खेपेला तो आणखी लवकर सुरुवात करतो. पार्सल घेऊन येणाऱ्या मुलांवर कुत्री रोज भुंकतात त्यामागेही बऱ्याचदा हेच असते, कारण ती मुले दर वेळी निघून जातात.

ही सवय मोडायची रीत सोपी आहे, फक्त वेळ द्यावा लागतो. लिफ्टपासून इतक्या लांब थांबायचे की कुत्र्याला दार दिसेल पण त्याचे अंग ताठ होणार नाही. दार उघडले, माणूस दिसला, की लगेच खाऊ द्यायचा. सेकंद-दोन सेकंदांपेक्षा उशीर झाला तर खाऊ कशाबद्दल मिळाला हे त्याला उमगत नाही. काही दिवसांनी दार उघडल्यावर तो माणसाकडे एकदा बघतो आणि आपणहून मान वळवून माझ्या तोंडाकडे पाहतो. तो क्षण आला की एक पाऊल पुढे जायचे. कान मागे गेले, झोप नसताना जांभई आली, ओठ चाटू लागला किंवा आवडीचा खाऊ नाकाशी धरूनही घेईना, तर आपण फार जवळ आलो, परत मागे यायचे. असे करत करत तो लिफ्टच्या कोपऱ्यात माझ्या पायांमागे बसू लागतो, आणि दार व तो यांच्यामध्ये मी उभी राहते.

सभेत ‘दोन फटके द्या, सुधारेल’ असेही ऐकू आले. याला माझा ठाम विरोध आहे. फटक्याने आवाज थांबेल, भीती मात्र आतच राहील. उलट माणूस दिसला की मार बसतो, एवढेच त्याच्या डोक्यात बसेल. गुरगुरणे ही चावण्याआधीची सूचना असते. ती मारून बंद पाडली तर सूचना न देता चावणारा कुत्रा तयार होऊ शकतो, आणि ते सर्वांसाठीच जास्त धोक्याचे आहे. मागाहून रागावण्यानेही काही साधत नाही. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ मध्ये प्रयोगाने दाखवले की कुत्र्याचा ‘चुकलो’ म्हणणारा चेहरा मालकाच्या रागावण्यामुळे होतो. त्याने खरोखर काही केले होते की नाही, याच्याशी त्याचा संबंध नसतो.

मुसकी सक्तीची करण्याचा विचार असेल तर एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो. तोंड आवळून बांधणारी कापडी मुसकी घातली की त्याला ते जमत नाही. घालायचीच तर तोंड उघडता येईल अशी जाळीची हवी, आणि तिचीही सवय आधी घरात लावायला हवी.

आपल्याकडे नवी पिल्लेही आली आहेत. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे शांतपणे पाहते-ऐकते, ते त्याला पुढे सहसा परके वाटत नाही. लसींचे डोस मात्र सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. तोवर त्याला घरातच कोंडले तर ही वेळ हातची जाते. म्हणून पशुवैद्यांना विचारून पिल्लाला कडेवर घेऊन लॉबीत आणता यावे. काठी, छत्री, व्हीलचेअर, सायकल हे सारे त्याने तिथूनच पाहावे.

समितीकडे मागणी एवढीच आहे : लिफ्टवरील बंदी उठवावी आणि दुपारी दोन ते चार या वर्दळ नसलेल्या वेळेत एक लिफ्ट सरावासाठी मिळावी. त्या वेळी कोणाला ती हवी असेल तर आम्ही लगेच बाजूला होऊ. वॉचमननी कुत्रा दिसताच काठी आपटू नये. मुलांना पालकांनी सांगावे की कुत्र्याजवळून धावू नका, वाकून डोक्यावर हात ठेवू नका. आधी विचारा, कडेला उभे राहा आणि त्याला वास घेऊ द्या. आमच्या बाजूने आखूड पट्टा, वेळेवर रेबीजची लस आणि घाण झाल्यास स्वतः साफसफाई, हे मी लेखी द्यायला तयार आहे. इतर कुत्रा पाळणाऱ्यांशीही बोलेन.

ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते त्यांच्यापैकी कोणी सरावाच्या वेळी लांबून बघायला आले तर मला फार बरे वाटेल. त्यांनी किती अंतरावर उभे राहायचे ते त्यांनीच ठरवावे. पुढील सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक सभासद