सहीचं काय करू?

प्रिय बुटक्या,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे धड आहेत. आईचा गुडघा दुखतोच, माझी शुगर काठावर. झालं तब्येतपाणी. फोनवर गुरुजींचा विषय काढला की तू तापतोस आणि ‘लोकल आली’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून कागद काढला.

गुरुजी या महिनाअखेर रिटायर होतायत. सेवापूर्ती गौरव समारंभ साताऱ्यातच. शाहू कलामंदिराची तारीख मिळाली नाही, मग एक मंगल कार्यालय घेतलंय. फ्लेक्ससुद्धा लागला : पुढारी रांगेने हसतायत आणि गुरुजी खाली कोपऱ्यात, पासपोर्ट साइजचे. शाल, श्रीफळ, फेटा सगळं वाटून झालं आणि मानपत्र माझ्या गळ्यात पडलं. संघटनेच्या माणसाने टाईप केलेला कागद हातात ठेवला : 1988 ला उपशिक्षक, मग केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, शेवटी गटशिक्षणाधिकारी. वर म्हणाला, “तुम्ही फक्त जरा अलंकारिक करा.” म्हणजे ज्ञानदीप, वटवृक्ष आणि चंदनासारखे झिजणे!

मला त्यातली पहिली ओळच पुरेशी आहे. आपल्या शाळेवर यायला बामणोलीहून कोयना धरणाच्या पाण्यातून लाँच, पुढे ती चढण. आषाढात हजेरीपत्रक युरियाच्या गोणीतल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून शर्टाच्या आत, आणि माणूस नखशिखांत भिजलेला. “गुरुजी, तुम्हीच का नाही पिशवीत बसत?” असं विचारून तू छडी खाल्लीस आणि दुपारी त्यांच्याच डब्यातली भाकरीही. चौथीच्या शिष्यवृत्तीला कंदिलावर तास घ्यायचे. बुद्धिमत्तेच्या पेपरात काट्यांचे कोन विचारतात आणि आपल्या घरात घड्याळ नाही, म्हणून मनगटातलं एचएमटी काढून आपल्यापुढे ठेवलं. त्याची किल्ली तू तोडलीस. मी नाही. पोरांसमोर उगाच माझं नाव सांगत जाऊ नकोस.

इथवर हात भराभर चालतो. पुढे अडतो.

2017 च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पटाच्या राज्यातल्या तेराशेवर शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळेत पाठवायचं वरून ठरलं. त्यात आपली गेली. समायोजनाच्या कागदाखाली सही कुणाची, हे ना तू विसरलास ना मी. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून किलोमीटरभरात हवी, असा शिक्षणहक्काचा नियम. “नकाशावर असेल हो किलोमीटर, मधलं धरणाचं पाणी कोण मोजणार?” हे तू त्यांना फोनवर ऐकवलंस, आणि त्यानंतर त्यांच्याशी बोलणंच टाकलंस.

तू म्हणतोस राजीनामा द्यायचा होता. अरे, लेकीचं लग्न तोंडावर आलेला माणूस! त्यांनी सही केली नसती तर बदली होऊन दुसऱ्याने केली असती. (बाजू घेतोय असं वाटलं तर वाटू दे.) आणि पट ओसरला कशाने? निम्मा गाव कोपरखैरणे-घणसोलीत. तुझी दोन्ही तिकडे, माझी इथे इंग्लिश मीडियमला. शेवटच्या पटावर सात पोरं, त्यातली तीन एका घरची.

आता जे सांगायला हे सगळं लिहितोय ते ऐक. मानपत्रासाठी जुने कागद चाळताना त्यांच्याच हातचा एक अभिप्राय सापडला. आदेशाच्या आधीचा. तेच उजवीकडे झुकलेलं अक्षर. सातही पोरांची नावं, प्रत्येकाचं घर कुठल्या वाडीत, लाँच किती वाजता सुटते, पावसात कधी बंद असते, कोणती मुलगी पाण्याला घाबरते. आणि खाली, ‘शाळा सुरू ठेवावी.’

मी तडक त्यांच्या घरी गेलो. “गुरुजी, हे तेव्हाच का नाही सांगितलंत? त्याने किती बोल लावले तुम्हाला.” ते शेंगा सोलत बसले होते. म्हणाले, “अभिप्राय फायलीसाठी असतो बाळ. सही माझीच आहे.” आणि सोलायला अर्ध्या शेंगा माझ्यापुढे सरकवल्या.

मी मानपत्रात दोन्ही घातलंय, अभिप्राय आणि सही. संघटनावाले घाबरलेत, मंचावर पाहुणे, हा विषय नको म्हणतात. त्यातल्या एकालाही ते वाचायचं नाही, सगळ्यांना अजून नोकरी करायचीय. मीही इथल्याच शाळेत, मलाही बदलीची भीती आहेच. तू कुणाच्या हाताखाली नाहीस. तूच वाच. राग गेला नसला तरी चालेल, रागातच वाच.

तुझ्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट कुठवर आलं? धाकटीला अकरावीला कुठे मिळालं? वहिनींना नमस्कार सांग.

शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळव. मानपत्र फ्रेमला टाकायचंय, आणि निवेदकाला नाव द्यायचंय.

तुझा,
बाकावरचा शेजारी