साष्टीतलं पुराण

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन महिना होत आला. 'धर्मांतर घडवायला आलेल्या पाद्र्याचं पुराण तू भक्तीनं कसं वाचतोस?' हा तुझा प्रश्न मनाला लागला. घाईनं उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून थांबलो.

आधी तुझा मुद्दा मान्य करतो. ख्रिस्तपुराणाचा कर्ता फादर थॉमस स्टीफन्स, जेझुइट या ख्रिस्ती संघातला इंग्रज पाद्री, गोव्यात उतरला २४ ऑक्टोबर १५७९ला. लिस्बनहून निघून सहा महिने झाले होते. तोवर गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माबाहेर वागणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, येऊन जवळजवळ वीस वर्षं झाली होती. दक्षिण गोव्यातल्या ज्या साष्टीत तो पुढं राहिला, तिथली देवळं १५६७ साली पाडलेली. पोथ्याही गेल्या. १५८३च्या जुलैत साष्टीतल्याच कुंकळ्ळी गावच्या लोकांनी पाच जेझुइटांना मारलं, आणि पोर्तुगीजांनी गावच्या म्होरक्यांचा जीव घेऊन त्याचा सूड उगवला. हे बाजूला सारून ख्रिस्तपुराण वाचता येत नाही. मी तसं वाचतही नाही.

पण त्याच १५८३च्या ऑक्टोबरात या माणसानं गोव्याहून आपल्या भावाला पत्र लिहिलं, आणि त्यात इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचं नोंदवलं. एवढं रक्त सांडलेल्या वर्षात तो क्रियापदं आणि विभक्त्या ऐकत होता. विल्यम जोन्स या इंग्रज भाषापंडितानं संस्कृतबद्दल असंच काही सांगायला पुढं दोनशे वर्षं लागली. पुढच्याच वर्षी, १५८४ला, तिकडे पैठणला नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. या दोघांना एकमेकांचा पत्ता असेल असं म्हणायला आधार नाही, पण ते एकाच काळात ओवीच्या सावलीत बसले होते, हे मला फार मोठं वाटतं.

पुराण लिहिलं कसं, तेही तुला सांगायला हवं. नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांच्या हातून जुन्या पोथ्या गेल्या होत्या, बदल्यात प्रश्नोत्तरांची कोरडी शिकवण आली. आम्हाला आमच्या भाषेत एखादं पुराण द्या, ही मागणी शिकवणीला बसणाऱ्यांतूनच उठली, असं ग्रंथाच्या आरंभीच येतं. जुन्याची आठवण पुसणाऱ्या व्यवस्थेत राहूनही लोकांची भूक त्याला ऐकू आली. मग सुमारे अकरा हजार ओव्या. 'पैलें पुराण' जुन्या करारावर, छत्तीस अवस्वरू. 'दुसरें' येशूच्या चरित्रावर, एकोणसाठ. (अवस्वरू म्हणजे आपला अध्याय. हा शब्द मला आता सोडवत नाही.) शुद्ध मराठी सामान्यांना कळत नाही, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाकून इथल्या ब्राह्मणांच्या बोलीतले सोपे शब्द जागोजाग मिसळले, असं तो प्रस्तावनेत सांगतो. म्हणूनच पोथीत मराठीच्या पोटात कोकणी बोलते.

आणि मराठीची ती प्रसिद्ध स्तुती! फुलांत मोगरी, सुवासांत कस्तुरी, पाखरांत मोर, झाडांत कल्पतरू. ती आपण शाळेत पाठ केली आणि तिथंच थांबलो, हा आपला तोटा. स्तुती काय, कुणीही करतो. तिच्यापुढं हजारो ओव्यांत तो स्वर्गाला वैकुंठ म्हणतो, देवाला परमेश्वर म्हणतो, येशूला 'स्वामी जेजू' म्हणतो, आणि यातला एकही शब्द पाहुणा वाटत नाही. आपल्या श्रद्धेचा गाभा परक्या तोंडात ठेवायचा, आणि तो तिथं नीट बोलेल असा भरवसा धरायचा, याला मी भक्तीच म्हणतो.

एक गोष्ट मात्र आठवली की वाईट वाटतं. १६०८ साली त्यानं रोमला वरिष्ठांना कळवलं, की इथल्या लिपीत पुस्तकं छापावीत ही आपली फार दिवसांची इच्छा, पण युरोपात चोवीस अक्षरांवर भागतं तिथं इथं सहाशे साचे ओतावे लागतील. ते जमलं नाही. १६१६ला साष्टीतल्या रायतूरच्या छापखान्यात पुराण निघालं ते रोमन अक्षरांत. १६१९ला तो गेला. पुढं दोन आवृत्त्या निघाल्या, पण तीनांपैकी कुठल्याच छापाची एकही प्रत आज मिळत नाही. १६८४ला तर लोकांनी आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम निघाला. पोथी टिकली ती उतरून घेणाऱ्यांच्या हातांनी आणि ती म्हणणाऱ्यांच्या गळ्यानं. मंगळूरला १९०७ला ती परत छापली, तीही रोमनमध्ये. छापील देवनागरी यायला १९५६ उजाडलं, शांताराम बंडेलूंच्या हातून. मी वाचतो ती तीच आवृत्ती, वाचनालयातली, शिवण सुटलेली.

आता खरं कारण. आई या पावसाळ्यात अंथरुणाला खिळली. डोळे गेल्यापासून रोज संध्याकाळी मी तिला काहीतरी वाचून दाखवतो. एकदा हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून हेच उघडलं. मी गद्यासारखं वाचत होतो. तिनं थांबवलं. 'तिसऱ्या चरणावर श्वास घे, चौथा आपोआप पडेल.' आणि तसं वाचल्यावर ती खरंच जात्यावरची ओवी झाली, मित्रा. मी इतकी वर्षं ती पोथी डोळ्यांनी वाचत होतो.

कुणाची पोथी, हे तिनं पहिल्या दिवशी विचारलंच नाही. चौथ्या दिवशी सांगितलं तर म्हणाली, 'बाहेरून आला, तरी शिकला की रे.' तुझा प्रश्नही तिला सांगितला. तिनं बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, 'देवळं पाडली ते वाईटच. तू पुढं वाच.'

परवा क्रुसाच्या भागाशी पोचलो. तिनं मध्येच विचारलं, 'आणि त्याची आई कुठं होती?' मी पानं चाळत होतो, तेवढ्यात दिवे गेले. तिला काय, अंधार तोच. मीच अडलो. आज तिथूनच सुरुवात करायची आहे.

येशील तेव्हा संध्याकाळचा ये. भांडायचं असेल तर पोथी मिटल्यावर भांडू.

तुझाच