हप्त्याच्या आधी लागणारे पैसे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या घर-जागेच्या पुरवणीत जवळपास प्रत्येक जाहिरातीत महिन्याचा हप्ता ठळक अक्षरांत असतो. पण मुंबईत पहिले घर घेणारे कुटुंब अडते ते बहुतेक वेळा हप्ता सुरू होण्याच्या आधीच. किमतीच्या वीस टक्के साठले की काम झाले, असे धरून लोक वर्षानुवर्षे पोटाला चिमटा घेतात, टोकन (विसार) देतात आणि मग आठ-दहा लाखांसाठी नातेवाइकांचे दरवाजे ठोठावत फिरतात. म्हणून हा हिशेब सविस्तर मांडत आहे.

समजा, उपनगरातल्या जुन्या सोसायटीत ८० लाखांचा वन बीएचके ठरला. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते. कर्ज ७५ लाखांच्या वर गेले की मर्यादा ७५ टक्क्यांवर येते. म्हणजे इथे कर्ज ६४ लाख, स्वतःचे १६ लाख. लोकांचा हिशेब इथेच थांबतो. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या ८० टक्क्यांत धरला जात नाही. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह ६ टक्के, म्हणजे ४ लाख ८० हजार. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतले तर एक टक्का सूट मिळते आणि ८० हजार वाचतात, त्याचा विचार घरात जरूर व्हावा. नोंदणी फी ३० हजार. बँकेची प्रक्रिया फी, वकिलाचा टायटल रिपोर्ट (मालकी निर्वेध असल्याचा अहवाल), मूल्यांकन आणि गहाणाचा स्टँप यांचे मिळून पन्नास-साठ हजार. दलालाचा एक टक्का धरला तर ८० हजार, काही जण दोन मागतात. सोसायटीला हस्तांतर प्रीमियम म्हणून २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे लक्षात ठेवावे. इथवर बेरीज पावणेतेवीस लाखांवर येते. जुन्या घरात वायरिंग आणि बाथरूमची गळती काढावीच लागते, त्याचे दीड लाख. शिवाय तीन हप्ते हाताशी हवेत. तेव्हा लक्ष्य २६ लाखांचे ठेवा, १६ चे नव्हे.

यातला क्रमही समजून घ्यायला हवा. आधी टोकन, मग स्वतःचा हिस्सा, मग मुद्रांक शुल्क भरून करारनाम्याची नोंदणी, आणि त्यानंतर बँकेचा चेक. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात अंगठा आणि फोटो होईपर्यंत कर्जाचा एक रुपयाही हलत नाही. 'कर्ज आले की भागवू' हे गणित म्हणूनच कोसळते.

दुसरा खड्डा मूल्यांकनाचा. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दराची) किंमत यांतल्या जास्त रकमेवर लागते. बँक मात्र करारातली किंमत आणि आपल्या मूल्यांककाची किंमत यांतली कमी रक्कम धरते. मूल्यांककाने ७४ लाख लिहिले तर कर्ज ५९ लाख २० हजारांवर येते आणि ४ लाख ८० हजार अचानक आपल्या अंगावर पडतात. इमारतीला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नसेल किंवा ती फार जुनी असेल तर बँक हात आखडता घेते, कधी साफ नकार देते. पागडीच्या (मालकीच्या नव्हे, भाडेकरू हक्काच्या) खोलीवर तर गृहकर्ज मिळेल हे धरूनच चालू नये. म्हणून टोकनच्या कागदावर एक ओळ लिहून घ्यावी: कर्ज मंजूर न झाल्यास टोकनची पूर्ण रक्कम परत. आणि २० हजार किंवा त्याहून जास्त टोकन रोख देऊ नये, आयकर कायद्याला ते चालत नाही.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विकणाऱ्याच्या रकमेतून एक टक्का टीडीएस कापून तो आयकर खात्यात भरणे ही खरेदीदाराची जबाबदारी आहे. इथे ते ८० हजार होतात. विक्रेत्याला पूर्ण रक्कम देऊन मोकळे झालात तर हे पैसे आपल्याच खिशातून जातात आणि उशिराबद्दल व्याज व रोजचे २०० रुपये वेगळे.

आता पैसे साठवायचे कसे? ६४ लाखांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी सुमारे ५५,५०० येतो. आज भाडे २५ हजार जात असेल तर उरलेले ३० हजार पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आवर्ती ठेवीत टाका. साडेसहा टक्के व्याज धरले तर जवळपास सहा वर्षांत २६ लाख होतात. हप्ता आपल्याला झेपतो की नाही हेही त्यातून कळते. मध्येच दर महिन्याला पाच-सात हजार मोडावे लागत असतील तर बजेट तेवढे खाली आणा. किमती थांबत नाहीत, तेव्हा दर एप्रिलमध्ये लक्ष्याची रक्कम पुन्हा मांडायची.

ठेव एकरकमी १५ लाखांची न करता एक-दोन लाखांच्या तुकड्यांत ठेवावी, म्हणजे अडचणीला एकच पावती मोडता येते. ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंतच आहे, सगळ्या शाखा धरून. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १ हजार रुपये काढता येत होते, हे मुंबईकरांनी विसरू नये. पतपेढीला हा विमाही नाही. भिशीत घराचे पैसे ठेवणे मला अजिबात पटत नाही. आणि घर दोन-तीन वर्षांवर आले असेल तर शेअर्समधले पैसे हळूहळू ठेवीत आणावेत.

सर्वांत महाग पडते ते कमी पडणाऱ्या रकमेसाठी काढलेले पर्सनल लोन. ५ लाखांचे कर्ज १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता ११,१०० च्या आसपास बसतो. बँक तो तुमच्या हप्त्याच्या क्षमतेतून वजा करते. तेवढ्याच हप्त्यात वीस वर्षांचे जवळजवळ पावणेतेरा लाखांचे गृहकर्ज बसले असते. पाच लाख उभे करताना पावणेतेरा लाखांची पात्रता घालवायची, हे कुणी आधी सांगतच नाही. मोटारीचे कर्जही असेच आडवे येते.

बांधकाम चालू असलेल्या घरात दलाली वाचते, पण ५ टक्के जीएसटी वाढतो आणि ताबा मिळेपर्यंत भाडे चालूच राहते. बिल्डरला नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, ही रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याची तरतूद आहे. प्रकल्पाचा महारेरा (त्या कायद्याखालचे राज्याचे प्राधिकरण) नोंदणी क्रमांक पाहून थांबू नये, महापालिकेची परवानगी खरी आहे का हेही पालिकेतच तपासावे. कल्याण-डोंबिवलीच्या ६५ इमारतींत खोट्या परवानग्यांवर रेरा क्रमांक मिळवले गेले होते.

आपणास विनंती अशी की, पुरवणीत घराची माहिती छापताना किंमत आणि हप्ता यांच्याशेजारी 'ताब्यापूर्वी स्वतःकडे लागणारी रक्कम' असा एक रकाना द्यावा. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि जीएसटी यांचे आकडे किमतीवरून काढता येतात, त्याला वेगळी माहिती गोळा करावी लागत नाही. टोकन देण्याआधी तो आकडा डोळ्यांसमोर आला तर अनेकांचे टोकन वाचेल.

आपला,
एक नियमित वाचक, मुलुंड (पूर्व)