फ्लश टँकची गळती, आणि गच्चीवरचा व्हॉल्व्ह रविवारी बंद करण्याबाबत

मा. अध्यक्ष साहेब,
आपली सोसायटी, मनीष नगर, नागपूर

नमस्कार. लिफ्टजवळची नोटीस वाचली, की कूलर कमी चालवा, गाड्या धुऊ नका, नाहीतर रोजचा दुसरा टँकर लागेल आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये लागून येतील. गाड्यांचं मान्य, पाइप लावून गाडी धुणाऱ्यांना बोललंच पाहिजे. पण कूलरवर सगळं ढकलू नका बाप्पा, नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) तर अजून यायचाच आहे. आणि रात्री वॉचमन भाऊ टाकी गच्च भरून मोटर बंद करतात नि पहाटे ती अर्ध्यावर आलेली असते, हे जानेवारीतही होऊन राहिलं होतं, तेव्हा कुठे होते कूलर?

माझं म्हणणं आहे की पाणी कमोडमधून चाललंय.

आमच्याकडे रात्री कोणी फ्लश न करता टँक मधेच भरल्याचा आवाज येत होता. फरशी कोरडी, पाइप कोरडा, म्हणून कोणाचं लक्षच जात नाही, कारण पाणी बाहेर सांडतच नाही, खालचा वॉशर नीट बसत नाही म्हणून आतल्या आत कमोडमध्ये उतरतं आणि तिथून गडरमध्ये. मी झाकण काढलं, बॉल कॉकचा, म्हणजे टँक भरला की पाणी थांबवणाऱ्या तरंगत्या गोळ्याच्या नळाचा, दांडा सुतळीने वर बांधला (वर लाटणं आडवं टाकून, हसू नका), म्हणजे नवीन पाणी येणं बंद, मग पेन्सिलने पाण्याची खूण केली. पंधरा मिनिटांनी पाहिलं तर पाणी इतकं उतरलं होतं की खुणेपर्यंत आणायला लीटरच्या तीन बाटल्या ओताव्या लागल्या. म्हणजे तासाला 12 लीटर, दिवसाचे 288. सरकारी हिशेबात शहरात माणशी दिवसाला 135 लीटर पाणी धरतात, म्हणजे आमच्या एका बाथरूममध्ये दोन माणसं जास्तीची राहत होती म्हणा ना. विंगमध्ये अशी पाच-सहा घरं निघाली तर दीड हजार लीटर नुसते असेच. पेंचचं पाणी तिकडून तोतलाडोहापासून आणायचं, ते कमी पडलं की टँकर मागवायचा, आणि सोडायचं कुठे तर गडरात.

तो वॉशर मी बदलला, शंभराच्या आत काम झालं. रबर कडक झालं होतं आणि बसायच्या जागेवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर, तो व्हिनेगर नि जुन्या टूथब्रशने निघाला. ॲसिड ओतू नका कोणी, रबरच खराब होतं. त्या निळ्या वड्या टँकमध्ये टाकतात त्यांनीही रबराचं काही भलं होत नाही, पण ज्यांच्याकडे त्या आहेत त्यांनी एवढं पाहावं, फ्लश करून बराच वेळ झाला तरी कमोडमध्ये निळी धार उतरत असेल तर गळती आहे.

आता खरी अडचण दुसऱ्या बाथरूमची. तिथे वॉशर ठीक आहे, बॉल कॉकच पाणी सोडतो, टँक भरला तरी थांबत नाही आणि पाणी ओव्हरफ्लोच्या (जास्तीचं पाणी कमोडमध्ये सोडणाऱ्या) नळीतून चोवीस तास खाली. रात्री जास्त, कारण सगळ्यांचे नळ बंद असले की लाइनला पूर्ण प्रेशर येतं, टाकीपासून दर 10 मीटर खाली साधारण एक किलो (चौरस सेंटीमीटरला), त्यामुळे खालच्या मजल्यांना हा त्रास आधी होणार. बॉल कॉक बदलायचा तर पाणी बंद करायला पाहिजे आणि अँगल कॉक (टँकला येणारं पाणी बंद करायचा भिंतीवरचा छोटा नळ) जाम, फिरतच नाही. प्लंबर म्हणतो जोर लावला तर तुटेल आणि मग पूर्ण घरात पाणी. म्हणून गच्चीवरचा लाइनचा व्हॉल्व्ह बंद करावा लागेल, त्याची चावी सेक्रेटरी साहेबांकडे, आणि ते म्हणतात एका घरासाठी सगळ्यांचं पाणी बंद कसं करू. बरोबर आहे त्यांचं. मग सगळ्यांचंच एकदम करून घेऊ नं.

शनिवारी प्रत्येक घरी फ्लश टँकमध्ये खायचा रंग टाकायचा, अर्धा तास फ्लश करायचा नाही, कमोडमध्ये रंग आला की नाव लिहून घ्यायचं. ओव्हरफ्लोची गळती असेल तर टँकचं झाकण काढून नुसतं पाहिलं तरी दिसते, पाणी नळीच्या तोंडाच्या इंचभर खाली थांबायला पाहिजे. कन्सील्डवाल्यांनी, म्हणजे ज्यांचा टँक भिंतीत आहे त्यांनी, बटणाची प्लेट काढून पाहावं. कूलरला ज्यांनी डायरेक्ट पाइप दिलाय त्यांचाही बॉल कॉक त्याच दिवशी तपासा, म्हणजे कूलरवाल्यांचीही बाजू राहील. मग रविवारी नऊ ते अकरा व्हॉल्व्ह बंद, ज्यांचे अँगल कॉक जाम आहेत त्यांचे बदलून टाकायचे. वॉशर, बॉल कॉक इतवारीतून एकदम आणले तर स्वस्त पडतील. भाडेकरू मालकाला सांगत नाहीत आणि मालक फोन उचलत नाहीत, तर खर्च सोसायटीने आधी करावा आणि त्या फ्लॅटच्या बिलात लावावा, हे कमिटीने ठरवलं तरच होईल.

आणि वॉचमन भाऊंना सांगा, आठवडाभर रात्री बाराला आणि पहाटे पाचला टाकीची पातळी वहीत लिहून ठेवायची, रविवारच्या आधीची आणि नंतरची. त्यानंतरही टाकी अर्धीच होत असेल तर मागवा दुसरा टँकर, मी माझ्या वाट्याचे पैसे देईन.

येत्या रविवारी जमत असेल तर शुक्रवारपर्यंत ग्रुपवर टाका, म्हणजे लोक पाणी भरून ठेवतील. प्लंबरशी मी बोलून ठेवलंय.

आपली,
बी विंग, पहिला मजला