चाचा, ते बॉनेट मी भंगारात घालणार होतो

ती. चाचा यांस,
सप्रेम सलाम.

गेल्या रविवारी बाबांना एमजीबीतून, म्हणजे आमच्या जुन्या दोन सीटच्या ब्रिटिश गाडीतून, भाट्याच्या पुलापलीकडे फिरवून आणलं. उतरल्यावर त्यांनी दरवाजा दोनदा उघडून लावला. तिसऱ्यांदा नुसता ढकलला, तरी टक्कन लागला. "हा असाच लागायचा," एवढंच म्हणाले आणि घरात गेले. ते ऐकायला तुम्ही हवे होतात. पत्र्याचे आणि वेल्डिंगचे पैसे तुम्ही घेतलेत, पण मला वेळोवेळी थांबवलंत त्याचे घेतले नाहीत. म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण अशी गाडी पडवीत झाकून ठेवलेले आणखीही कोणी असतील.

आरसी बुकात १९७५ लिहिलंय, म्हणून मी १९७५ च्या एमजीबीचे पुढचे दोन फेंडर परदेशातून मागवले. कस्टमसकट महिन्याचा पगार गेला. तुम्ही नवा फेंडर जुन्याशेजारी उभा केलात आणि हेडलाइटखाली बोट ठेवलंत. जुन्यात पार्किंग लाइटचं भोक होतं, नव्यात कोरा पत्रा. १९७४ च्या उत्तरार्धात या गाडीला काळे रबरी बंपर आले आणि ते दिवे बंपरमध्ये गेले. आमची गाडी क्रोम बंपरची. १९७५ हे आपल्याकडच्या नोंदणीचं साल, कारखान्यातून निघाल्याचं नव्हे. विकणाऱ्याने चेसिस नंबर विचारला नाही आणि मीही कळवला नाही.

मग तुम्ही जुन्या स्पीकरमधलं चुंबक काढलंत. मागच्या फेंडरवर ते चिकटलं, चाकाच्या मागे आल्यावर घसरून खाली पडलं. तिथे बोटभर पुट्टी होती. बॉनेटवर तर कुठेच धरेना. "ह्ये अल्मीन हाय. भंगारात नको घालूस," तुम्ही म्हणालात. मला मोठा पोचा दिसत होता आणि मी लोखंडी बॉनेट बघायलाही लागलो होतो! १९६० च्या दशकातल्या एमजीबीला बॉनेट ॲल्युमिनियमचं असायचं, हे मला तेव्हा कळलं. दरवाज्याची मूठ बटणाची, म्हणजे गाडी १९६५ च्या आधीची नाही. त्याआधी ओढायची मूठ होती. पाटीवरचा चेसिस नंबर जीएचएन३ ने सुरू होतो, आणि ती मालिका १९६७ पर्यंतच. सगळ्या खुणा एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या. पुढची ऑर्डर मी चेसिस नंबर आणि चार फोटो पाठवून दिली. या वेळी फेंडर ब्रिटिश मोटर हेरिटेज या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचे, मूळ डायवर (साच्यावर) दाबलेले आले.

खरा जीव अडकला होता तो सिलमध्ये, म्हणजे दरवाज्याखालून जाणाऱ्या पत्र्याच्या पोकळ पेटीत. या गाडीला खाली वेगळी लोखंडी चौकट नाही, छप्पर कापडी, त्यामुळे भार पेलतात ते हे दोन सिल. वरचा पत्रा रंगवलेला, छान दिसत होता. तुम्ही मागून जॅक लावलात आणि मला दरवाज्याची फट बघायला बसवलंत. जॅक वर जाईल तशी फट मिटत गेली, म्हणजे सिल आतून कुजलेला आणि गाडी मधेच वाकत होती. माझ्या पोटात गोळा आला. पुढच्या चाकामागे फेंडरच्या आतून तांबड्या मातीचा गच्च लगदा निघाला. आपला पाऊस आणि खारी हवा त्या लगद्यात वर्षानुवर्षं ओल धरून बसली होती.

मी कटर उचलला तेव्हा तुम्ही तो हातातून काढून घेतलात. आधी दरवाज्याच्या चौकटीत बिजागरापासून कुलपापर्यंत लोखंडी पाइप जोडलेत, गाडी समतल टेकवलीत, आणि मगच एका बाजूचा सिल कापलात. ती बाजू पुरी झाल्याशिवाय दुसरीला हात लावू दिला नाहीत. बाहेरचं झाकण तर कोणीही बदलतं. तुम्ही आतली भिंत आणि मधला पत्राही बदललात. आतून रेड ऑक्साइड मारून, सगळं बंद केल्यावर पातळ केलेलं ग्रीस भोकातून सोडलंत.

फेंडर आल्यावर मला रंगाची घाई झाली होती. तुम्ही कोरेच चढवलेत, बोल्ट ढिले ठेवून. दरवाजा लावला, बॉनेट टाकलं, फटी बघितल्या, पुन्हा काढले. असं चार दिवस चाललं. कुवेतच्या गॅरेजात इतकी वर्षं काढलेला माणूस एका फटीसाठी चार दिवस देतो, हे मी बाबांना रोज रात्री सांगायचो. ते अंथरुणात उठून बसून ऐकायचे.

तुम्ही बॉनेटचा पोचा लाकडी हातोडीने काढलात, तिथे हात फिरवला की अजून किंचित लाट लागते. ती तशीच राहू दे असं बाबांचं म्हणणं आहे.

तुमचं चुंबक माझ्या हत्यारपेटीत राहिलंय. या शुक्रवारी नमाजानंतर मिरकरवाड्याला घेऊन येतो. गाडीनेच येतो, बाबांनाही तुम्हाला भेटायचं आहे.

तुमचा,
एमजीबीवाला मुलगा