ताटाला अडीच हजार

नागपूर

प्रिय नंदू,

ताटाला अडीच हजार हा आकडा ऐकून तू फोनवर जे बोललास, ते कागदावर उतरवत नाही. पण लेखकांच्या निवासासाठी निधी जमवायच्या त्या जेवणाला जाऊन आलो, आणि पैसे वसूल झाले.

सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या बंगल्याच्या अंगणात टेबलं मांडली होती. दर टेबलाला सात-आठ पाहुणे आणि एक लेखक. जमलेला पैसा रामटेकच्या वाटेवरच्या एका शेतातल्या दोन खोल्यांसाठी. लिहिणाऱ्यानं तिथं पंधरा दिवस फुकट राहायचं, आयतं जेवायचं आणि लिहायचं. याला ते रायटर्स रेसिडेन्सी म्हणतात.

भाषणं सोडून देतो. वाऱ्यानं समई सारखी विझत होती, तेवढंच मनोरंजन. एक बाई मात्र कामाचं बोलल्या. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये मॅकडॉवेल नावाच्या संगीतकारानं आणि त्याच्या बायकोनं 1907 साली अशी जागा सुरू केली, ती अजून चालू आहे. दुपारचं जेवण टोपलीत घालून दाराबाहेर ठेवून जातात, म्हणजे आतल्याची तंद्री मोडत नाही. आमच्या टेबलावरचे संस्कृतचे निवृत्त सर लगेच पुटपुटले, "मेघदूतातल्या यक्षाला रामगिरीवर, म्हणजे आपल्या रामटेकावर, वर्षभर मिळालं होतं, आपल्याला पंधरवडाच?" ते शाप म्हणून मिळालं होतं, हे सर सोयीस्कर विसरले.

जेवण अस्सल आपलं. वडाभात, वर हिंग-मोहरीचं कडकडीत तेल. पाटोडीचा रस्सा, आणि सांबार म्हणजे कोथिंबीर ठासून भरलेली पुडाची वडी. सावजी नव्हतं, पुण्याच्या पाहुण्यांची दया आली असावी.

आमच्या वाट्याला आलेल्या लेखिका वडीची कुरकुरीत टोकं आधी मोडून खात होत्या आणि मधलं सारण शेवटी ठेवत होत्या. समोरच्या एका व्यापारी गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, रोज किती पानं लिहिता?" त्या म्हणाल्या, "ओटा आवरून झाल्यावर झोप येईपर्यंत जेवढी होतील तेवढी. परीक्षेचे पेपर घरी आले की तीही नाही." टेबल गप्प. मग त्याच गृहस्थांनी चेकबुक काढलं. दिखाऊपणा म्हण हवं तर, पण आकडा चांगला होता.

मला पटलं ते एवढंच. आपल्याकडे 1923 पासून विदर्भ साहित्य संघ आहे, व्याख्यानं होतात, पुरस्कार मिळतात. पण हे सगळं पुस्तक झाल्यावरचं. शाल-श्रीफळानं कुणाचं अडलेलं प्रकरण पुढे सरकलेलं मी पाहिलं नाही. ते सरकतं सलग रिकाम्या सकाळींनी, आणि त्या आपल्या लोकांकडे नसतात. ग्रेस, सुरेश भटांच्या गावात तरी ही सोय आधीच व्हायला हवी होती. एक खटकलं: बोलावलेले सगळे लेखक नावाजलेले होते. ज्यांच्यासाठी खोल्या, त्यांच्यापैकी एकाला तरी पंगतीत बसवायचं.

आता मुद्द्याचं. तू अर्ज कर. वीस पानं आणि एक साधं पत्र लागतं, बस्स. दुकान पंधरा दिवस धाकटा बघेल, त्याच्याशी मी बोलतो. वहिनींचा होकार तुझा तू मिळव. आणि हो, तुझ्या पुस्तकातलं ते लग्नाच्या वरातीचं प्रकरण पाठवू नकोस, फार लांबलंय. जिनिंग फॅक्टरीच्या संपाचं पाठव. टाइप करायला वेळ नसेल तर वही एसटीनं धाड, मी इथून टाइप करून घेतो.

तुझा,
सुधाकर